कवीची पत्रे कुणाच्या घरी?

एखादा मोठा कवी गेला की काही महिन्यांत अभ्यासकांची पावले त्याच्या घराकडे वळू लागतात. वह्या किती आहेत, अप्रकाशित कविता सापडतील काय, डायरी लिहीत होते काय, अशी विचारपूस सुरू होते. घरची माणसे कपाट उघडतात, पुस्तकांच्या मागे सरकवलेल्या फायली काढून देतात. त्यातून कधी कवितांची एखादी वही हाती लागते, तर कधी नुसती वाणसामानाची यादी. मात्र कवीने लिहिलेली पत्रे तिथे सहसा सापडत नाहीत. त्यात नवल काही नाही. पत्र लिहिणारा ते पेटीत टाकतो आणि तिथून पुढे ते दुसऱ्याचे होते. कवीच्या घरी उरतात ती लोकांनी त्याला धाडलेली पत्रे. त्याने लोकांना लिहिलेली पत्रे लोकांच्याच घरी असतात.

गोष्ट इतकी साधी आहे, पण तिचा अर्थ आपण नीट लावलेला नाही. मराठी कवितेच्या दप्तराचा मोठा भाग कुठल्याही संग्रहालयात नसून तुमच्या-आमच्या घरांत पडलेला आहे, असा तो अर्थ. व्याख्यानमालेचे निमंत्रण धाडणारा गावातला चिटणीस, कवितेतल्या एखाद्या शब्दाचा अर्थ विचारणारी शाळेतली बाई, आपली पहिली कविता भीत भीत पाठवणारा कॉलेजातला मुलगा, दिवाळी अंकासाठी तगादा लावणारा हौशी संपादक, या सगळ्यांना कवींनी उत्तरे लिहिली. पोस्टकार्डावर चार ओळींत का होईना, उत्तर देण्याची रीत त्या पिढीने पाळली. ती कार्डे कुणी पुस्तकात खूण म्हणून ठेवली, कुणी देवघरातल्या फळीवर, कुणी लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्यात.

दांडीच्या किनाऱ्यावर बसून हे लिहिण्याला कारण आहे. या पट्ट्याचा आणि कवींच्या हस्तलिखितांचा संबंध काय, असे कुणी विचारील. इकडे मासेमारी आणि वाड्या, पलीकडे तारापूरचे अणुवीज केंद्र आणि बोईसरचे कारखाने. इथे कुठला मोठा कवी राहत होता? पण कवी कुठे राहत होता हा प्रश्नच नाही. ज्याला पत्र आले तो माणूस आज कुठे राहतो, हा प्रश्न आहे. १९६९ साली अणुवीज केंद्र सुरू झाले, औद्योगिक वसाहत वाढत गेली आणि जळगावचा, सांगलीचा, नाशिकचा, वऱ्हाडातला माणूस नोकरीसाठी इथे येऊन राहिला. येताना त्याने आपली ट्रंक आणली. त्या ट्रंकेत शाळेचे दाखले होते, लग्नाचे फोटो होते आणि कुणी सांगावे, नाशिकहून कुसुमाग्रजांचे किंवा बेळगावहून इंदिरा संतांचे आलेले एखादे निळे आंतर्देशीय पत्रही असेल. बोईसरसारख्या गावात महाराष्ट्राच्या सगळ्या जिल्ह्यांच्या ट्रंका आहेत.

आणि घाई करण्याचेही कारण आहे. बा. भ. बोरकर १९८४ साली गेले, कुसुमाग्रज १९९९ साली, इंदिरा संत २००० साली, अरुण कोलटकर २००४ साली. विंदा करंदीकर आणि नारायण सुर्वे २०१० साली, ग्रेस २०१२ साली, नामदेव ढसाळ २०१४ साली आणि मंगेश पाडगावकर २०१५च्या अखेरीस. त्यांची पत्रे ज्यांना आली ती माणसे आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत, कित्येक तर आता नाहीतही. मुले पुण्याला, बंगळुरूला, परदेशी. जुनी चाळ पाडून तिथे इमारत उठते आहे आणि नव्या फ्लॅटला पोटमाळा नसतो. ट्रंका रिकाम्या होण्याचे दिवस नेमके हेच आहेत. रद्दीवाला कागदाचे वजन करतो, अक्षर कुणाचे ते पाहणे हे काही त्याचे काम नव्हे.

वही बुडाली, नक्कल राहिली

कवीच्या वहीविषयी आपल्या मनात एक जुनी कथा घट्ट बसलेली आहे. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्या गेल्या आणि तेरा दिवसांनी कोरड्या वर आल्या. श्रद्धेच्या जागी ही कथा श्रेष्ठ आहे. तिच्यावर बोट ठेवण्याचा माझा हेतू नाही. पण तिने आपल्याला एक सवय लावली. जे खरे आहे ते आपोआप तरते, अशी आपली समजूत झाली.

गाथेचा इतिहास थोडा निराळे सांगतो. तुकोबांच्या टाळकऱ्यांपैकी चाकणचे संताजी जगनाडे यांनी अभंग उतरून घेतले. त्यांच्या हातची वही पुढच्या पिढ्यांनी सांभाळली आणि तिच्यावरून ठाण्याच्या वि. ल. भाव्यांनी १९१९-२० साली तुकोबांचा 'अस्सल गाथा' छापला. हे भावे म्हणजे 'महाराष्ट्र सारस्वत' लिहिणारे, आणि १८९३ साली ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय उभे करणाऱ्यांतले प्रमुख. २०१४ साली पालघर वेगळा जिल्हा होईपर्यंत ठाणे हाच आमचाही जिल्हा होता, म्हणून त्यांचा उल्लेख थोड्या आपलेपणाने करतो. भाव्यांचा धंदा मिठाचा. ज्या खाऱ्या हवेत कागद सडतो, त्याच हवेतल्या एका माणसाने जन्मभर जुने कागद शोधले, ही गोष्ट मला फार आवडते.

संताजींची चिकाटी तीनशे वर्षांनी खानदेशात पुन्हा दिसते. बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. जात्यावर, शेतात, चुलीपुढे त्या ओव्या रचत आणि त्या हवेत विरून जात. मुलगा सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी जमेल तेव्हा त्या कागदावर उतरून घेतल्या. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई गेल्या. नंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली, अत्र्यांनी ती महाराष्ट्रापुढे आणली आणि १९५२ साली पुस्तक निघाले. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. हा सगळा डोलारा एका वहीवर उभा आहे. सोपानदेव स्वतः कवी होते, त्यांना आईच्या शब्दांची किंमत कळली. ज्या घरात कवी मुलगा नव्हता त्या घरातल्या ओव्यांचे काय झाले असेल? आमच्या डहाणू-पालघरच्या पाड्यांवर आणि कोळीवाड्यांत किती बहिणाबाई येऊन गेल्या, त्याची गणती कुणाकडे आहे?

पत्रांचे मोल कवितेपेक्षा वेगळे. १८५४ साली सावित्रीबाई फुले यांचा 'काव्यफुले' हा संग्रह निघाला. त्यांनी जोतीरावांना लिहिलेली अवघी तीन पत्रे आपल्याला माहीत आहेत. पहिले १८५६चे, आजारपणात माहेरी, नायगावला असताना लिहिलेले. दुसरे १८६८चे. त्यात गावकऱ्यांच्या तावडीतून एका तरुण जोडप्याला त्यांनी कसे सोडवले त्याची हकीकत आहे. तिसरे १८७७चे, जुन्नर-ओतूर भागातल्या दुष्काळाविषयी. डॉ. मा. गो. माळी यांनी संपादित केलेल्या समग्र वाङ्मयामुळे १९८८ साली ही पत्रे सर्वांच्या हाती आली. तीनच पत्रे, पण घरात, गावात आणि दुष्काळात वावरणारी बाई त्यांतून समोर उभी राहते. कवितेत कवी आपल्याला हवा तसा दिसतो, पत्रात तो होता तसा सापडतो. तीन पत्रांनी एवढे दिले. चौथे, पाचवे, दहावे कुणाच्या चुलीत गेले असेल, हा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही.

काळा घोड्याहून न्यूयॉर्क राज्यापर्यंत

जवळच्या काळातले उदाहरण अरुण कोलटकरांचे. मराठी आणि इंग्रजी या दोन्ही भाषांत तितक्याच ताकदीने लिहिणारा हा कवी प्रसिद्धीच्या वाऱ्यालाही उभा राहत नसे. घरी टेलिफोन नव्हता. भेटायचे तर गुरुवारी दुपारी काळा घोड्याजवळच्या वेसाइड इन या हॉटेलात जायचे. 'जेजुरी' १९७६ साली इंग्रजीत निघाली, दुसऱ्या वर्षी तिला राष्ट्रकुल पारितोषिक मिळाले आणि त्याच वर्षी त्यांचा पहिला मराठी संग्रह आला. पुढे कितीतरी वर्षे पुस्तकच नाही. 'चिरीमिरी', 'भिजकी वही' आणि 'द्रोण' २००३ साली आली, तेव्हा आजार बळावलेला होता. २५ सप्टेंबर २००४ रोजी ते गेले. 'भिजकी वही'ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तो त्यांच्या पश्चात, २००५ सालचा.

अशा माणसाचे कागद कोण सांभाळणार? मित्रांनी सांभाळले. अशोक शहाण्यांच्या प्रास प्रकाशनाने पुस्तके काढली. अरविंद कृष्ण मेहरोत्रा यांनी इकडेतिकडे विखुरलेल्या कविता गोळा करून, काहींचे मराठीतून इंग्रजी करून, २००९ साली एक संग्रह सिद्ध केला. कोलटकरांच्या पिढीतल्या कवींनी लघुनियतकालिके काढली, बरीचशी चक्रमुद्रित. त्यांचे अंक ग्रंथालयात क्वचितच शिरले. ते राहिले मित्रांच्या खणांत.

त्या पिढीतल्या काही कवींचे कागद आज कुठे आहेत? अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्नेल विद्यापीठात. तिथे मुंबईच्या कवींच्या कागदपत्रांचा संग्रह उभा राहिला आहे. अदिल जस्सावाला यांचे कागद तिथे आहेत. कोलटकरांवर २०१६ साली इंग्रजीत मोठा अभ्यासग्रंथ लिहिणाऱ्या अंजली नेर्लेकर यांचे या संग्रहाच्या उभारणीत परिश्रम आहेत. 'आपला ठेवा परदेशी गेला' असा गळा काढणे सोपे आहे. मला तसे वाटत नाही. जिथे थंड कोरडी खोली आहे, यादी करणारा माणूस आहे आणि मागेल त्याला कागद दाखवण्याची रीत आहे, तिथे कागद गेले तर ते वाचले असेच म्हणावे. आपण स्वतःला विचारायचा प्रश्न वेगळा आहे. बोईसरहून लोकलने काळा घोडा गाठता येतो. या शंभर किलोमीटरच्या टापूत तसाच एखादा कवी आपले कागद द्यायला निघाला, तर त्याने कुणाचे दार ठोठवायचे?

आपल्याकडे संस्था नाहीत असे नव्हे. पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० सालचे, भांडारकर संस्था १९१७ची, धुळ्याला राजवाड्यांच्या नावाचे संशोधन मंडळ, मुंबईचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८चे. या संस्थांनी पोथ्या, बखरी, मोडी कागद जिवापाड जपले. ऑक्टोबर २०२४मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्यासाठी प्राचीन पुरावे लागले, आणि ते देता आले कारण कुणीतरी ते ठेवले होते. पण पोथीयुगाची जेवढी काळजी घेतली गेली, तेवढी पोस्टकार्डाच्या युगाची घेतली गेली नाही. शंभर वर्षांनी विसाव्या शतकाचा पुरावा मागितला जाईल, तेव्हा आपण काय पुढे ठेवणार?

बँकेतला कवी आणि बंद पाकीट

बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला टी. एस. एलियटविषयी जरा जास्त जिव्हाळा वाटतो. मर्ढेकरांच्या पिढीला ज्याने भारून टाकले तो हा इंग्रजी कवी १९१७ ते १९२५ लंडनच्या लॉइड्स बँकेत नोकरीला होता. त्याच्या कागदांच्या दोन गोष्टी सांगण्याजोग्या आहेत.

पहिली 'द वेस्ट लँड'च्या खर्ड्यांची. एझरा पाउंडने त्या खर्ड्यावर सढळ हाताने काटछाट केली होती. १९२२ साली एलियटने तो न्यूयॉर्कचे वकील जॉन क्विन यांना भेट म्हणून पाठवला. क्विन दोन वर्षांत वारले आणि खर्डा दिसेनासा झाला. कवी १९६५ साली गेला, तोपर्यंत तो कुठे आहे हे त्याला कळले नव्हते. वस्तुतः १९५८ सालीच तो क्विनच्या वारसांकडून न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाकडे आला होता. १९६८ साली ते जाहीर झाले आणि १९७१ साली कवीच्या पत्नीने तो जसाच्या तसा छापला. एवढी मोठी कविता एकहाती, एका झटक्यात उतरली नव्हती, मित्राच्या लाल-निळ्या पेन्सिलीखालून ती गेली होती, हे जगाला कागदावर पाहायला मिळाले.

दुसरी गोष्ट पत्रांची. एमिली हेल या आपल्या जिवलग मैत्रिणीला एलियटने वर्षानुवर्षे पत्रे लिहिली. तिने १९५६ साली ती सारी, म्हणजे ११३१ पत्रे, प्रिन्स्टन विद्यापीठाच्या स्वाधीन केली आणि अट घातली की आम्हा दोघांपैकी मागे राहील त्याच्या मृत्यूनंतर ५० वर्षे ही उघडायची नाहीत. ती १९६९ साली गेली. २०२०च्या जानेवारीत पेट्या उघडल्या. इकडे तिची पत्रे एलियटने जाळून टाकायला लावली होती. एकाच पत्रव्यवहाराच्या दोन टोकांना दोन माणसे. एकाने काडी लावली आणि दुसरीने सील लावले.

आपल्याकडचा प्रश्नही इथेच अडतो. पत्र हे खासगी असते. त्यात भांडणे असतात, उसनवारी असते, तिसऱ्याविषयी काही बोललेले असते, कधी मनाचे हळवे कोपरे असतात. घरातल्या बाईला एखाद्या कवीचे पत्र येत होते, या गोष्टीचीही एके काळी चर्चा झाली असती. म्हणून आजी आपल्या हाताने ते बंबात घालते, किंवा तिच्यामागे सून घालते. तिला दोष देणे सोपे नाही. 'मेलेल्या माणसाची पत्रे चव्हाट्यावर आणणारे तुम्ही कोण?' या प्रश्नात वजन आहे.

पण या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. पत्र जपणे निराळे आणि पत्र छापणे निराळे. छापावे की नाही, केव्हा छापावे, कुठला भाग गाळावा, याचा निर्णय पुढच्या माणसांना सावकाश घेता येतो. जाळलेल्या पत्राबाबत कुठलाच निर्णय कुणालाच घेता येत नाही. पाकीट बंद करून वर तारीख लिहा, अमुक सालापर्यंत उघडू नये. लाज राखली जाते आणि कागदही राहतो.

छापणे विवेकाने झाले तर काय हाती येते, तेही मराठीने पाहिले आहे. जी. ए. कुलकर्णी कवी नव्हते, कथाकार होते, आणि माणसांपासून चार हात दूर राहणारे होते. १९८७ साली ते गेल्यावर त्यांची निवडक पत्रे खंडांच्या रूपाने निघाली. सुनीता देशपांडे यांना लिहिलेली पत्रे त्यांत आहेत, आणि सुनीताबाईंची पत्रे 'प्रिय जी. ए.' या पुस्तकात २००३ साली आली. दोन्ही बाजूंनी पत्रे ठेवली गेली म्हणून तो संवाद पुरा ऐकू येतो. एवढा कमी भेटणारा माणूस कागदावर किती भरभरून बोलत होता, हे मराठी वाचकाला त्या पत्रांवाचून कळलेच नसते.

कायद्याची बाजूही समजून घ्यावी. सोनेतारण कर्जात दागिना बँकेच्या तिजोरीत असतो, म्हणून तो बँकेच्या मालकीचा होत नाही. पत्राचे काहीसे तसेच आहे. ज्याला पत्र आले, कागद त्याचा. मजकुराचा हक्क मात्र लिहिणाऱ्याचा आणि त्याच्या पश्चात वारसांचा. १९५७च्या कायद्याप्रमाणे तो हक्क साधारणपणे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो, आणि हयातीत न छापलेल्या मजकुराला तर ही मुदत पहिल्या प्रकाशनापासून मोजतात. तेव्हा घरात कवीचे पत्र असेल तर ते सांभाळायला, अभ्यासकाला दाखवायला, संस्थेला द्यायला कुणाची आडकाठी नाही. छापायचे झाले तर कवीच्या वारसांना विचारावे. एवढे पथ्य पाळले की पुष्कळसे भय निघून जाते.

आठ वर्षांचे व्हाउचर

आता थोडे आमच्या हवेविषयी. समुद्राच्या काठी कागदाला शत्रू फार. चार महिने हवा अशी दमट की कपाटातले कपडेही ओलसर लागतात. खाऱ्या वाऱ्याने टाचणी दोन पावसाळ्यांत गंजते आणि तिचा तांबूस डाग नेमका सहीवर उतरतो. कसर आतून कुरतडते, वाळवी भिंतीतून येते. या शत्रूंशी लढायला मोठे शास्त्र लागत नाही. टाचण्या, क्लिपा आणि रबर बँड काढून टाकावे. चिकटपट्टी लावू नये, ती काही वर्षांनी पिवळी पडून अक्षर खाते. प्लास्टिकमध्ये वितळवून बंद करण्याचा मोह टाळावा, कारण ते पुन्हा सोडवता येत नाही. पाकीट फेकू नये, कारण पत्रावर तारीख नसली तरी टपालाच्या शिक्क्यावर असते. काही लिहायचेच असेल तर मऊ पेन्सिलीने, मागच्या बाजूस. कोऱ्या कागदाच्या घड्यांत ठेवून डबा जमिनीपासून आणि बाहेरच्या भिंतीपासून दूर ठेवावा.

पण ओल आणि कसर यांच्यापेक्षा मोठा शत्रू आहे तो घर बदलणे. इथल्या अक्करपट्टी आणि पोफरण या गावांना अणुवीज केंद्राच्या विस्तारासाठी उठावे लागले. घर हलते तेव्हा माणूस आधी भांडी उचलतो, देव उचलतो, सात-बारा उचलतो. पत्रांचा गठ्ठा शेवटी. शेवटचा फेरा बहुधा होतच नाही. शहरात बिऱ्हाड मोडताना हेच घडते, फक्त त्याला विस्थापन म्हणत नाहीत.

बँकेच्या रेकॉर्ड रूममध्ये मी पुष्कळ दुपारी काढल्या आहेत. बँकांनी जुने दस्तऐवज किती काळ ठेवावेत याचे नियम १९८५ साली झाले. काही नोंदवह्या किमान ५ वर्षे, आणि लेजर, व्हाउचर वगैरे किमान ८ वर्षे. मुदत संपली तरी गठ्ठा असाच उचलून फेकता येत नाही. काय नष्ट करायचे त्याची यादी होते, अधिकारी सही करतो, मग कागद फाडले जातात. पन्नास रुपयांच्या व्हाउचरलाही मरताना एवढा मान मिळतो. कवीचे पत्र मात्र आपण यादीशिवाय, सहीशिवाय, रविवारच्या साफसफाईत घालवतो.

नोकरीने मला एक गोष्ट पक्की शिकवली. वस्तू सांभाळण्याच्या आधी तिची नोंद व्हावी लागते. १९१२ साली लंडनच्या भुयारी रेल्वेत रथींद्रनाथ टागोर एक बॅग विसरले. तिच्यात वडिलांच्या 'गीतांजली'च्या इंग्रजी अनुवादाची वही होती. दुसऱ्या वर्षी नोबेल मिळायचे होते ते याच पुस्तकाच्या बळावर. बॅग सापडली ती हरवलेल्या सामानाच्या कार्यालयात. कुणा अनामिक कारकुनाने ती नीट ठेवली होती, एवढाच तो चमत्कार.

म्हणून मागणी मोठी नाही. स्मारक नको, भूमिपूजन नको. १९९४ साली मालगुंडला केशवसुतांचे स्मारक झाले, ते फार चांगले झाले. पण प्रत्येक कवीला स्मारक परवडणार नाही, वहीत एक ओळ प्रत्येकाला परवडेल. राज्यात १९६७च्या कायद्याखाली मान्यता मिळालेली हजारो सार्वजनिक ग्रंथालये आहेत. त्यांतल्या प्रत्येकाने एक नोंदवही घालावी. पत्र कुणाचे, कुणाला, तारीख, कार्ड की पाकीट, सध्या कुणाकडे आहे, पाहायला मिळेल की नाही. पत्र ज्याच्या घरचे त्याच्याच घरी राहू दे, नोंद फक्त ग्रंथालयात. वर्षाअखेर या याद्यांची एक प्रत जिल्ह्याच्या ग्रंथालयाकडे आणि एक मुंबईच्या ग्रंथसंग्रहालयाकडे जावी. शांतिनिकेतनच्या रवींद्र भवनाने टागोरांचे कागद जपले होते, म्हणून २०१३ साली जादवपूर विद्यापीठाला त्यांच्या हस्तलिखितांचा मोठा संग्रह संगणकावर सर्वांसाठी खुला करता आला. आपल्याकडे छायाचित्रे घेण्याचे काम पुढे कुणी तरुण करील. पण कशाची छायाचित्रे घ्यायची आणि कुठे जाऊन, ते त्याला यादीच सांगेल.

ग्रंथालयांना माणसे कमी आहेत, अनुदान वेळेवर मिळत नाही, हे आक्षेप खरे आहेत. त्यावर उपाय आपल्या गल्लीतच बसलेला आहे. निवृत्त शिक्षक, निवृत्त पोस्टमास्तर, निवृत्त बँकवाले यांना यादी करण्याचे काम नवे नाही. सुवाच्य अक्षर आहे, वेळ आहे आणि चहाला बोलावणारी घरे ओळखीची आहेत. 'तुमच्याकडे कुणा लेखक-कवीचे पत्र आहे का हो?' एवढे विचारायला कुणाच्या मंजुरीची गरज नाही.

हे काम पुढच्या पिढीवर सोपवता येणार नाही. त्यांच्याकडे पत्रे असणारच नाहीत. आजचा कवी फोनवर लिहितो, फोनवर खोडतो. खोडलेले कुठेच उरत नाही आणि मित्राला धाडलेला निरोप फोनबरोबर जातो. टपाल खात्यानेही २०२५ साली रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन केले. हाताने लिहिलेल्या पत्रांचे युग आटोपले, त्याचे शेवटचे राखणदार आपण आहोत.

यंदा आगोटीच्या आधी धान्य, पापड, गाद्या उन्हात निघतील तेव्हा पोटमाळ्यावरची ती ट्रंकही खाली काढा. ट्रंक उन्हात ठेवा, पत्रे सावलीत. सगळी वाचलीच पाहिजेत असे नाही. फक्त खालच्या सह्या पाहा, आणि ओळखीचे नाव दिसले तर ते कार्ड वेगळे ठेवून त्याची तारीख एका कागदावर लिहून घ्या.